उष्टं

आमचं रेडिओ स्टेशन दोन खोल्यांचं आहे. खाली गाद्या-उशांचं दुकान, वर आम्ही. पुढच्या खोलीत मी आणि माझी यंत्रं. मागच्या खोलीत दादा, त्याचा पलंग, त्याचा माइक आणि त्याचा अखंड चाललेला चहा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या त्या गाद्या खालच्या दुकानदाराने फुकट दिल्या होत्या. त्यातल्या एकीवर कुणाचा तरी पिवळा डाग आहे. ती मी डाग भिंतीकडे करून ठोकली, पण डाग तिथे आहे हे मला माहीत आहे, आणि सहा वर्षं झाली तरी मी त्या भिंतीला टेकत नाही.

स्टेशन इंटरनेटवरचं. जाहिराती आम्ही घेत नाही. श्रोते आपणहून काही पाठवतात, त्यावर सगळं चालतं. असे दोन-अडीचशे श्रोते आहेत. आम्ही कुणी जपून न ठेवलेल्या जुन्या तबकड्या वाजवतो. हॉटेलांतले वाद्यवृंद, सर्कशींचे बँड, आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे बसून क्लॅरिनेट वाजवलेली माणसं. दोन तबकड्यांच्या मधे दादा बोलतो. दादाने बत्तीस वर्षं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या सूचना दिल्या. त्याचा आवाज ऐकून माणसं अजून नकळत एक पाऊल मागे सरतात. श्रोते येतात ते त्या आवाजासाठी. संगीत हे निमित्त. बाकी सगळं मी करते.

बाकी सगळं म्हणजे मुख्यतः साफसफाई. याआधी चोवीस वर्षं मी बोलक्या पुस्तकांच्या एका स्टुडिओत आवाज साफ करायची. माणूस माइकसमोर बोलतो तेव्हा शब्दांबरोबर त्याच्या तोंडातून काय काय बाहेर पडतं ते तुम्हाला माहीत नाही, आणि नाही तेच बरं. ओठ सुटतानाची चिकट टिचकी. जिभेखाली साठलेली लाळ. गिळताना गळ्यात वर-खाली होणारा गोळा. दाढेत अडकलेलं काहीतरी जिभेने उकरत राहायची चुळबुळ. वाक्याआधी ओढलेला ओला श्वास. हेडफोन लावला की हे सगळं थेट कानात येतं. चोवीस वर्षं लोकांनी माझ्या कानात तोंडं घातली. त्यामुळे मी कुणाच्या शेजारी बसून जेवत नाही, आणि कुणी मला शिष्ट म्हटलं तर म्हणू देते.

माझा स्वतःचा आवाजही यातून सुटलेला नाही. माझ्या नाकाचं हाड किंचित वाकडं आहे. वाक्य सुरू करण्याआधी श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजते, किटली तापायला लागल्यावर वाजते तशी. दर शनिवारी मी श्रोत्यांचे आभार मानते. ते ध्वनिमुद्रण उघडलं की आधी शिट्ट्या कापते, मग बाकीचं बघते.

दादा मात्र कहर. वरची कवळी सैल, ती बोलताना टाळ्याला चिकटते आणि सुटते. चहात टोस्ट बुडवून तो चोखतो आणि त्याच तोंडाने माइकसमोर बसतो.

"दादा, चूळ तरी भर."

"भरली की."

"केव्हा?"

"सकाळी."

मग मी दुपारभर त्याच्या तोंडात बसून काढते. तो मला 'चाळणी' म्हणतो. आमच्या चाळणीतून गेलं की माणसाचा देव होतो, असं श्रोत्यांनाही सांगतो. कापून झालेला त्याचा आवाज ऐकला की खरंच वाटतं, या माणसाला पोट नाही, आतडी नाहीत, नुसता आवाज आहे. दादा मला तसा आवडतो.

कापलेले तुकडे मी फेकत नसे. ही स्टुडिओतली शिस्त. चुकून एखादं अक्षर कापलं गेलं तर परत जोडता यावं म्हणून कात्रणं तीन महिने ठेवायची आणि मग पुसून टाकायची, असा तिथे नियम होता. ठेवायची सवय मला लागली. पुसायचं राहून गेलं. दादाची सहा वर्षांची कात्रणं कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये साठली होती. त्या फोल्डरचं नाव मी 'उष्टं' ठेवलं होतं.

दादाला दम लागायला लागून दोन वर्षं झाली होती. जिन्याला सोळा पायऱ्या. आधी तो मधे एकदा थांबायचा, मग तीनदा थांबायला लागला, मग खाली उतरणंच बंद केलं. छातीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "फुप्फुसं चाळिशीच्या माणसाची आहेत. असं कुठे काही नाही." दादा त्यांच्यासमोर खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून धापा टाकत बसला होता. बोलताना तो प्रत्येक वाक्यानंतर थांबे. ती थांबणीही मी कापत होते, त्यामुळे श्रोत्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

लहानपणी हे उलटं होतं. दमा मला होता. छाती भरून आली की दादा माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि तोंड उघडून मोठ्याने श्वास घ्यायचा-सोडायचा. "मी घेतो तसा घे," म्हणायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघत बघत घ्यायचे. तेव्हा मला त्या तोंडाची किळस वाटत नव्हती. त्याने अर्धा खाल्लेला पेरूही मी हिसकावून खायचे.

मार्चमध्ये आम्ही कॉम्प्युटर बदलला. तिथून हे सुरू झालं.

सोमवारी दुपारी मुख्याध्यापिका बाईंचा निरोप आला. या आमच्या पहिल्या श्रोत्यांपैकी एक. एका शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. आम्ही श्रोत्यांना आवाजातून निरोप पाठवायला सांगतो आणि शनिवारी त्यातले काही वाजवतो. बाईंना प्रत्येक वाक्याआधी जीभ टाळ्यावरून सोडवायची सवय होती: च्. जणू समोर एखाद्या मुलाची वही उघडी आहे आणि त्यात चूक सापडली आहे.

"च्. तक्रार नाही हं ही. च्. पण गाणं संपल्यावर कुणीतरी जवळ बसून श्वास घेतंय असं ऐकू येतं. च्. मला वाटलं माझ्याच घरात आहे कुणी. सगळ्या खोल्या बघून आले."

बुधवारपर्यंत असे अकरा निरोप झाले. एक ट्रकवाले आमचे नेमाने ऐकणारे. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कुणी मेलेलं काही चघळतंय का. मी त्या तीन दिवसांचं प्रसारण उघडून ऐकलं. गाण्यांच्या मधल्या शांततेत दादाचं तोंड होतं.

दोष माझाच होता. प्रसारणात दहा सेकंद शांतता पडली तर आमचं यंत्र आपोआप राखीव फोल्डरमधलं काहीतरी वाजवतं. लोकांना वाटू नये की स्टेशन बंद पडलं, म्हणून ही सोय. जुन्या तबकड्यांच्या शेवटी लांबच लांब शांतता असते, त्यामुळे दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी ती पडते. नव्या कॉम्प्युटरवर राखीव म्हणून मी वाद्यसंगीताच्या फोल्डरऐवजी 'उष्टं' नेमून दिलं होतं. तीन दिवस आम्ही अडीचशे लोकांच्या कानात दादाची लाळ ओतत होतो. मी शरमेने पाणी पाणी झाले. चूक दुरुस्त केली, सगळ्यांची माफी मागितली आणि साबण लावून कान धुतले.

त्याच तीन दिवसांत दादा दोनदा खाली जाऊन आला होता. बुधवारी तर दुकानदाराशी गप्पा मारून सोळा पायऱ्या एका दमात चढून आला. आनंदाने मी त्याच्यासाठी अंडी उकडली आणि तो ती खात असताना खोलीतून बाहेर गेले.

गुरुवारी सकाळी तो पलंगावर ताठ बसला होता. नखं निळसर. बोलायला दोनदा तोंड उघडावं लागलं.

"चाळणे. ते परत लाव."

"काय?"

"ते. माझं." त्याच्या उशाशी रेडिओ असतो, त्यावर दिवसभर आमचंच स्टेशन. "ते लागलं होतं ना. तेव्हा पुरत होती."

"काय पुरत होती?"

"हवा."

मी त्याला मूर्खपणा करू नकोस म्हणाले आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर येऊन गेले, पुन्हा काही सापडलं नाही. दुपारी दादाचे ओठही निळे दिसायला लागले, तेव्हा मी त्याच्या समाधानासाठी लाउडस्पीकर त्याच्या खोलीत नेला आणि 'उष्टं' लावलं. पूर्ण पाऊण तास. मी दाराबाहेर कानांवर हात दाबून उभी होते. काही फरक पडला नाही.

"असं नाही," तो म्हणाला. "बाहेर."

मी हट्टी आहे, पण क्रूर नाही. आमच्या सर्व्हरवर दुसऱ्या वाहिनीची जागा रिकामी होती. तिथे मी 'उष्टं' लावून दिलं. नाव दिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. दादाला मात्र सांगितलं की लावलंय. मनाची समजूत असेल तर एवढ्याने भागेल. भागलं नाही. पडद्यावर त्या वाहिनीच्या श्रोत्यांचा आकडा शून्य होता आणि आतल्या खोलीतून घरघर येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-वीसला मी पेला विसळत होते. शून्याचा एक झाला. त्याच क्षणी घरघर थांबली.

मी पेला हातात घेऊन आत धावले. दादा उशीला टेकून बसला होता आणि श्वास घेत होता. साधा, माणसांसारखा. "चाललं," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने बाईंचा फोन आला.

"च्. मी शोधून काढलं हं तुमचं ते. पानाच्या अगदी तळाशी लपवलं होतंत."

"बाई, ते चाचणीसाठी आहे. ऐकण्यासारखं नाही ते."

"माणसाचा श्वास आहे तो. च्. सहा वर्षं झाली मला घरात दुसऱ्याचा श्वास ऐकून. असू द्या की."

मी असू दिलं.

मी आवाजाच्या धंद्यातली बाई आहे. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणून मी तपासून पाहिलं. बाई जेवायला उठल्या की वाहिनी बंद करत. आकडा शून्य होई आणि दीड-दोन मिनिटांत दादा तोंड उघडून बसे. मी माझा फोन वाहिनीला जोडला आणि खणात टाकला. आकडा एक झाला, दादा तसाच. मग फोनचे इअरफोन कानात घातले. दादाने दीर्घ श्वास घेतला. काढले, तो पुन्हा घुसमटला. पाच वेळा करून पाहिलं. सहाव्यांदा करायचा धीर झाला नाही, कारण पाचव्या वेळी त्याने डोळे फिरवले होते. याचा अर्थ काय ते मी सांगत नाही. जे पाहिलं ते सांगते आहे.

पुढचा महिना चांगला गेला. दादाचा गेला. तो जिना उतरायला लागला, शीळ घालायला लागला, दोन माणसांचं जेवायला लागला. तो चघळतोय, मिटक्या मारतोय, बोटं चोखतोय आणि मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकतेय. इतकी किळस आणि इतकं सुख मला एकाच वेळी कधी झालं नव्हतं. घरात तो एकटाच माझा आहे.

दुसऱ्या वाहिनीचे श्रोते वाढले. बाई दिवसरात्र होत्याच. त्यांनी कुणाला सांगितलं असेल, त्यांनी आणखी कुणाला. ट्रकवालेही आले. "आधी नको वाटायचं," ते फोनवर म्हणाले, "आता गाडीत शेजारी कुणी बसलंय असं वाटतं. डुलकी लागत नाही." आकडा नऊवर गेला. त्या नऊ जणांनी या घाणीत काय पाहिलं ते मला कळत नव्हतं. पण दादाच्या नखांचा रंग गुलाबी होता. मी खोलात गेले नाही.

एका शनिवारी बाईंचा निरोप साफ करायला घेतला. त्या एका जुन्या वाद्यवृंदाविषयी बोलल्या होत्या, तीन मिनिटं. मी हेडफोन लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेले आणि कापण्यासारखं काही सापडलं नाही. च् नाही. श्वास नाही. वाक्य संपे, पडद्यावरची आवाजाची रेघ अगदी सपाट होई आणि पुढचं वाक्य सुरू होई. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी बाई बोलायला शिकल्या, असं मी दादाला म्हणाले.

"च्," दादा म्हणाला. "त्या मुळातच हुशार."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो टोस्ट बुडवत होता.

"दादा, हे काय केलंस आत्ता?"

"काय केलं?"

"जिभेने. च् केलंस."

"कवळी असेल," तो म्हणाला. "च्. सैल झालीय."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं असेलही. मी उठून त्याच्यासाठी आणखी चहा टाकला.

पुढच्या बुधवारी सकाळी आकडा नऊचा आठ झाला. दुपारी बाईंच्या नंबरावरून फोन आला, बोलणारी त्यांची भाची होती. फोनमधले शेवटचे नंबर लावून ती सगळ्यांना कळवत होती.

"मावशी काल रात्री गेली. झोपेतच. त्रास असा काही नाही झाला."

"आजारी होत्या का?"

"नाही हो. थोडा दम लागत होता महिनाभर. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं चांगली आहेत. तिच्या उशाशी तुमचं काहीतरी चालू होतं. काय आहे ते? बंद करताना मला मळमळलं."

"चाचणीसाठी आहे ते," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि उरलेल्या आठ जणांचे गेल्या दोन आठवड्यांतले निरोप काढले. पाच सापडले. एकामागून एक ऐकले. दोघांचे आवाज जसे असायचे तसे होते, ओले, चिकट, घाणेरडे. एका बाईच्या श्वासांतले निम्मे गायब. एक शिंपी होते, दातांत टाचण्या धरून बोलणारे. त्यांची लाळ वाजायची, ती वाजत नव्हती. ट्रकवाल्यांचा निरोप शेवटी ऐकला. चाळीस सेकंदांचा, आणि लख्ख.

मी उठून बेसिनमध्ये ओकले.

तोंड धुऊन आले तर दादा दारात उभा होता. गाल भरलेले, चेहऱ्यावर तुकतुकी.

"कोण होतं फोनवर?"

"मुख्याध्यापिका बाई गेल्या."

"अरेरे." तो खरंच हळहळला. मग त्याने सवयीने जीभ टाळ्यावरून सोडवली. च्. मला त्याच्या तोंडावर हात दाबावासा वाटला.

"दादा, तुला कळतंय का काय चाललंय?"

"मला बरं वाटतंय," तो म्हणाला. "एवढं कळतंय."

मी खुर्चीत बसले आणि दुसऱ्या वाहिनीला कुलूप घातलं. आता परवलीचा शब्द घातल्याशिवाय ती कुणाला उघडणार नव्हती, आणि तो शब्द फक्त मला माहीत होता. आठाचे सात झाले, पाच झाले, दोन झाले. ट्रकवाले शेवटी गेले.

शून्य.

दादा दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मागितलं काहीच नाही. तोंड उघडलं होतं. आत कवळी, पांढुरकी जीभ, जिभेवर टोस्टचा लगदा. छाती हलत नव्हती.

सहा वर्षं मी त्या तोंडाला कात्री लावत आले होते. कापलं मी होतं. साठवलं मी होतं. दुसऱ्या कुणाला यात ओढायचा मला काय अधिकार होता.

मी परवलीचा शब्द घातला आणि हेडफोन कानांवर चढवले.

याला आज एकोणीस दिवस झाले. हेडफोन मी फक्त आंघोळीला काढते, मोजून एक मिनिट, आणि दादा तेवढं निभावतो. झोपते तीही ते लावूनच. झोपेतही कान ऐकत राहतात. सहा वर्षांचं उष्टं चार तास दहा मिनिटांचं आहे, ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कुठे कवळी सुटते, कुठे आवंढा अडतो, कुठे टोस्टचा कण दाढेतून निघतो, सगळं मला पाठ झालं आहे. पहिले चार दिवस मला अन्न गेलं नाही. पाचव्या दिवशी लक्षात आलं की तो गिळतो तेव्हा मीही गिळते. आता किळस येत नाही. कधी कधी डोळे मिटले की तो समोर मांडी घालून बसलेला दिसतो, नऊ वर्षांचा, तोंड उघडून. मी घेतो तसा घे.

पहिली वाहिनी नेहमीसारखी चालू आहे. तिचं काम करताना मी फक्त उजवा कान मोकळा करते. डावा दादाकडे असतो. दादाचे कार्यक्रम रंगतात. तो आता वाक्यानंतर थांबत नाही. श्रोते लिहितात की काका तरुण झाले. ट्रकवाल्यांचाही निरोप आला: दुसरी वाहिनी का बंद केलीत, शेजारची सीट रिकामी वाटते. त्यात दोन ठिकाणी त्यांचा श्वास ऐकू आला. मी तो कापला नाही. तसाच वाजवला.

आज शनिवार. सकाळी दहाला मी आभाराचं मुद्रण केलं. बाईंच्या आठवणीत दोन शब्द, बाकी नेहमीचे. साडेतीन मिनिटं झाली. फोनचे इअरफोन कानात घालून खाली पाणी आणायला गेले, वर येताना आठव्या पायरीवर जरा टेकले, मग येऊन साफ करायला बसले.

आधी शिट्ट्या कापायच्या म्हणून पहिल्या वाक्याच्या सुरुवातीला गेले. शिट्टी नव्हती. दुसऱ्या वाक्याला नव्हती. रेघ सपाट, मग शब्द, मग रेघ सपाट. मी आवाज चढेल तितका चढवला. साडेतीन मिनिटांत कापण्यासारखं काहीही नव्हतं. इतकं स्वच्छ मुद्रण माझ्या हाताखालून याआधी बाईंचं गेलं होतं.

मी ते तसंच शनिवारच्या कार्यक्रमाला जोडलं आणि खुर्चीत बसून राहिले.

दादा आतून मला जेवायला हाक मारणार होता. ताटं मांडल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. मग हाक मारण्याआधी त्याने नाकाने श्वास घेतला, आणि बारीक शिट्टी वाजली.